निळी, पांढरी आणि माझी गाठ

न्हावऱ्यातून समुद्र दिसत नाही. आमच्या गच्चीवर चढून बघितलं तर ऊस दिसतो, उसाच्या पलीकडे कांद्याची चाळ दिसते आणि चाळीच्या पलीकडे पुन्हा ऊस दिसतो. पाणी म्हणाल तर घोड नदी, कालव्याची चारी आणि आमचं शेततळं. त्यातल्या शेततळ्यात मी एकदा पडलोय, एवढाच माझा जलप्रवास. तरीही आमच्या घरात जुनी, दोन इंजिनांची, केबिनवाली बोट निवडायचा विषय निघाला, तेव्हा ते काम माझ्याकडेच येणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती!

त्याला कारण होतं. आमच्या घरात नवं कोरं असं काही येत नाही. बैल, गाया, ट्रॅक्टर, पिकअप, एवढंच काय, पिठाची गिरणीसुद्धा दुसऱ्याची वापरलेली. आणि हे सगळं पारखून आणलेलं कोणी? मी! जनावर बाजारात नुसतं चालताना बघून ते पुढच्या उजव्या पायात कुठं दुखावलंय, हे मी सांगतो. शिरूरपासून दौंडपर्यंत कुणाला जुना ट्रॅक्टर घ्यायचा असला की आधी मला फोन येतो. मी जातो, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारतो, टायरला लाथ घालतो, तोंड वाकडं करतो आणि चहा पितो. (तोंड वाकडं केल्याशिवाय विकणारा खाली उतरत नाही. ही विद्या फुकट सांगतोय.)

बोट हवी होती माझ्या लेकीला, सारिकाला. ही पोरगी लहानपणापासून इंजिनवेडी. पुण्यात डिप्लोमा केला, रांजणगावच्या कारखान्यात डिझेल इंजिनांवर नोकरीला लागली. तिथून साहेबांनी तिला बोटींची इंजिनं दुरुस्त करायला कोकणात धाडलं आणि ती तिकडचीच झाली. बोट चालवायचं शिकली, परीक्षा दिली, परवाना काढला. आमच्या सात पिढ्या मेंढरं राखत फिरल्या, त्यातलं कुणी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलं नव्हतं. आणि ही थेट दर्यात! परवान्यावरचा तिचा फोटो मी माझ्या मोबाइलवर ठेवलाय. कुणी वेळ विचारली तरी मी तो दाखवतो.

आता तिला स्वतःची बोट घेऊन पर्यटकांना किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरवायचं होतं. दापोलीकडच्या काही घरगुती निवासवाल्यांनी तिला शब्द दिला होता, "दिवाळीला बोट जेटीवर उभी दिसली तर आमचे सगळे पाहुणे तुझे. नसली तर आम्ही दुसरा बघतो." म्हणजे दिवाळी चुकली की वर्ष गेलं. त्यात तिच्या आईनं, म्हणजे आमच्या सुनंदानं, वेगळीच अट घातलेली: "ह्या दिवाळीला बोट न्हाई झाली, तर गुमान घरी यायचं आन् आलेली स्थळं बघायची." स्थळं सुनंदानं तयारच ठेवली होती. सारिकाचा सगळा डाव त्या एका बोटीवर होता.

माझे वडील, आबा, त्यांनी मात्र एका शब्दात परवानगी दिली. "घ्या. पर मी सवता येनार बघाया." आबांचं वय ऐंशीच्या पुढं, डोक्याला पटका, हातात काठी. तरुणपणी मेंढरं घेऊन ते घाट उतरून कोकणात जायचे, खतासाठी भातखाचरांत मेंढरं बसवायचे. त्यामुळं कोकण आपल्या खिशात आहे असं त्यांचं म्हणणं. समुद्र बघितला का, असं विचारलं तर म्हणायचे, "बघितला की. खारट हाय. मेंढरं पीत न्हाईत."

निघायच्या आधी मी तयारी केली. मोबाइलवर बोटींचे व्हिडिओ बघितले. ते सगळे इंग्रजीत होते, पण इंजिनाला भाषा नसते. शिरूरला चहाच्या टपरीवर बातमी फुटली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला.

"भानुदासशेठ, ॲव्हरेज इचारा."

"दोन इंजिनं कशापायी? एक इकून टाका, हिरीवर बसवा!"

"ट्रॉली जोडता येती का तिला?"

मी नुसता मिशीतल्या मिशीत हसलो. दोन इंजिनांचं गणित मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. दोन इंजिनं म्हणजे बैलजोडी! दोन्ही सारख्या ताकदीचे हवेत, नाहीतर एक ओढणार आणि दुसरा नुसता बरोबर चालणार. हे मी सारिकाला फोनवर सांगितलं तर ती चक्क म्हणाली, "बरोबर आहे पप्पा." झालं! माझ्या अंगात वारं शिरलं.

आम्ही पिकअप घेऊन निघालो. सुनंदानं पाटीत नारळ, हळद-कुंकू, लिंबू-मिरची आणि चार दिवस पुरतील एवढ्या भाकरी घेतल्या. आबांनी कनवटीला भंडाऱ्याची पुडी लावली. घाट उतरताना आबा काठीनं खिडकीबाहेर दाखवत होते, "हितं आमचा मेंढरांचा वाडा बसायचा... हितं लांडगा आल्ता..." संध्याकाळी सारिकाच्या खोलीवर पोचलो. रात्री जेवताना ती म्हणाली, "उद्या दोन बोटी बघायच्या आहेत. दोन्ही एकाच माणसाच्या. पप्पा, माझं एक ऐका. मी इंजिनं थंड असताना चालू करून बघणार आहे. गार इंजिन कसं उठतं, धूर कसला काढतं, त्यावरच सगळं कळतं."

मी घाईनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. कारण मी त्याच दिवशी दुपारी विकणाऱ्या दिनूशेठना आपणहून फोन करून सांगितलं होतं, "आम्ही लांबून येतोय, तेवढी इंजिनं सकाळी जरा गरम करून ठेवा!" आपल्यामुळं त्यांचा खोळंबा नको म्हणून, हो! मी पुन्हा फोन करायचं ठरवलं आणि झोपलो.

सकाळी खाडीवर गेलो तर पाणी काठोकाठ भरलेलं. जेटीच्या दगडाला बोटींची कड लागलेली, अगदी अंगणातून ओट्यावर पाऊल टाकावं तसं बोटीत पाऊल टाकायचं. एक बोट पांढरीशुभ्र. नवा रंग, चकाकणारे गज, केबिनला फुलाफुलांचे पडदे, वर भोंगा. दुसरी निळी, पण निळी होती असं म्हणायचं. उन्हानं विटलेली, पडदे नाहीत, पुढच्या काचेला ओरखडा. जनावराला रंगावरून हाक मारायची आमची रीत, त्यामुळं दोघींची नावं तिथंच पडली: पांढरी आणि निळी.

"या, या, पाहुणे!" दिनूशेठ म्हणाले. गोल चेहरा, गळ्यात चेन, सतत वाजणारा फोन. "तुम्ही सांगितलात तशी दोन्ही बोटींची इंजिनं तापवून ठेवली आहेत हो!"

सारिकानं इंजिनावर हात ठेवला, चटकन काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. तिथं एक घार होती.

"शेठ," ती शांतपणे म्हणाली, "मग बोटी वर ओढून घ्या. मला खालून तळ बघायचाय, पाण्यातले पंखे बघायचेत."

"वर ओढायची क्रेन बिघडलीय ताई. दिवाळीनंतर बघू."

"दिवाळीनंतर बघून मी काय करू?"

"मग विश्वास ठेवा हो!"

सारिकानं ओठ चावला. मी मात्र मधे पडलो. "अगं, विश्वास कशाला? मी हाय ना!" आणि मी पारख सुरू केली. पांढरीभोवती फेरी मारता येईना, कारण तिच्याभोवती पाणी. टायर नव्हता, म्हणून मी तिच्या कडेला लाथ घातली. तोंड वाकडं केलं. आबा काठी टेकत केबिनमध्ये गेले आणि बाकावर मांडी घालून बसले. सुनंदा सैपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "अवं, ह्या वट्यावर भाकरी कशी थापायची? परात सुदिक बसत न्हाई." मग तिनं संडासाचा पंप हाणून बघितला, दार लावून बघितलं, आणि आतून कडी अडकल्यामुळं थोडा वेळ आतच राहिली.

मग दोन्ही बोटींची चाचणी. खाडीच्या तोंडाबाहेर गेलो आणि लाटा लागल्या. सारिकानं एक इंजिन बंद केलं, एकट्या दुसऱ्यावर बोट वळवली, मग ते बंद करून पहिल्यावर वळवली. "एक बंद पडलं तर दुसऱ्यानं घरी आणलं पाहिजे, पप्पा. दोन इंजिनं त्याच्यासाठी घ्यायची." मला खूप काही बोलायचं होतं. पण मी कडेला वाकून समुद्राला न्याहारी परत करत होतो. शेजारी आबा पटका सावरत मजेत बसलेले. "भान्या, शेळी आजारी पडली की अशीच मान टाकती बघ," ते म्हणाले.

जेटीवर परत आलो तोवर माझा निर्णय झाला होता. पांढरी! तिची चाल मला आवडली होती. (डोळे मिटून बघितलेली.) दिनूशेठ फोन कानाला लावून चढणीवर गेले. सारिका निळीच्या इंजिनखोलीत डोकं खुपसून बसली होती. दोन्ही बोटींच्या दोऱ्या तिथं नुसत्या सैल पडलेल्या. मला हे बघवेना. आमच्या घराण्यात दावणीला जनावर सैल बांधणं म्हणजे बेअब्रू! सैल दावं असलं की बैल शेजाऱ्याच्या गव्हात.

दिनूशेठ फोनवर बोलता बोलता लांबून ओरडले, "पाहुणे, जरा सैल सोडा हो!"

"तुमी बिनघोर ऱ्हावा!" मी ओरडलो. मारका वळू बांधतात तशी आखूड दोरी घेतली, जेटीवरच्या लोखंडी खुंट्याला दोन वेढे, बोटीवरच्या खुंट्याला दोन वेढे, आणि वर आमची खानदानी गाठ. पांढरी पुढून आणि मागून. निळीही पुढून आणि मागून. दोघी जेटीला अशा चिकटल्या की मधे नखसुद्धा जाईना. मी हात झाडले. बऱ्याच वेळानं आपल्याला येणारं काम केल्याचं समाधान वाटलं.

सारिका वर येऊन हात पुसत म्हणाली, "पप्पा, बांधल्या का नीट?"

"तसूभर हालायच्या न्हाईत."

तिनं विश्वास ठेवला. बापावर ठेवतात तसा.

जेवायला दिनूशेठना घेऊन वरच्या खाणावळीत गेलो. मासे ताजे करून देतो म्हणाले, म्हणजे आधी पकडायला गेले असावेत इतका वेळ लागला. तेवढ्या वेळात आमचं भांडण पेटलं.

"निळी घ्यायची," सारिका म्हणाली. "तिची इंजिनं एकाच वयाची आहेत. तेल स्वच्छ आहे. रंगाचं काय, मी देईन रंग."

"पांढरीला रंग दिलेलाच हाय की!"

"तेच मला खटकतंय, पप्पा. नुसता वरून रंग का दिलाय?"

"आगं, बाजारात आणताना जनावराला धुत्यातच. पावनं बसणार ती बोट दिसाया नको बरी? निळी बघून पावनं रडतील."

"पप्पा, चालवणार मी आहे."

"आन् निवडणार मी हाय!"

हे मी जरा मोठ्यानं बोललो. सारिकाचं तोंड पडलं. सुनंदानं ताटातला मासा उलटा केला आणि माझ्याकडे असं बघितलं की माझ्यापेक्षा तो मासाच बरा. आबा माशाचा काटा काढत होते. पण माझ्या अंगात पारखी संचारला होता. मी खिशातून इसाराचं पाकीट काढलं. "दिनूशेठ, पांढरी ठरली. हा घ्या इसार." सुनंदाच्या पाटीतला नारळही मी वर काढला. दिनूशेठनी तोंडभर हसून हात पुढं केला. सारिका खिडकीबाहेर बघत होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते मला दिसत होतं. तरी माझा हात पुढं जातच होता, हे मी आज कबूल करतो.

तेवढ्यात खालून कोळ्यांची आरोळी आली. "शेठ! शेठ, धावा! बोटी टांगल्या!"

आम्ही धावत जेटीवर गेलो. आणि बघतो तर खाडीतलं पाणी गेलेलं! सकाळी काठोकाठ होतं ते कुठंतरी खाली, लांब. मधे सगळा काळा चिखल. आमच्याकडं चारीचं पाणी असं एकाएकी आटलं की त्याचा एकच अर्थ असतो, आणि तोच माझ्या तोंडून मोठ्यानं बाहेर पडला.

"आरं, खालचं गेट कुणी उघडलं? कालव्याचं आवर्तन बंद झालं का काय?"

सगळी जेटी माझ्याकडे वळून बघायला लागली. एक म्हातारी कोळीण कपाळाला हात लावून म्हणाली, "आवो दादा, ओहोटी हाय ती!"

ओहोटी! शाळेत भूगोलात होती, आठवली. पण पुस्तकातली ओहोटी जेवणाच्या वेळात एवढं पाणी पळवते, हे कुठंच लिहिलं नव्हतं. घोड नदीचं पाणी एकदा उतरलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत उतरलेलंच राहतं. दिवसातून चार वेळा मन बदलत नाही. आणि पाणी खाली जाताना बोटीही खाली जाणार होत्या, जर त्यांना एका पारखी माणसानं आखूड बांधलं नसतं तर!

पांढरीच्या पुढच्या बाजूचा दोरीचा खुंटा खालच्या फळीसकट उपटून वर आला होता. तो माझ्या गाठीत अडकून जेटीवरून लोंबकळत होता, आणि ती नाकाड चिखलात खुपसून, शेपूट वर करून उभी होती. फुलाफुलांचे पडदे बाहेर आले होते. निळी जरा उथळ बाजूला होती. ती दोऱ्यांवर ताणून जेटीकडे अर्धी कलली होती. दोऱ्या करकरत होत्या, पण तिचा एकही खुंटा हलला नव्हता.

मी पुढं झालो आणि निळीच्या गाठीला हात घातला. "थांबा, सोडतो!"

"पप्पा, बाजूला व्हा!"

मी चमकून मागं बघितलं. सारिकाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. घरात ती मऊ बोलते. इथं ती जेटीच्या टोकाला उभी राहून हुकूम सोडत होती. "दोघं जण ती लांब दोरी आणा! आधी तिच्यावर वजन घ्या. पुढची आणि मागची बरोबरच सैल करायची. मी म्हणेपर्यंत कुणी सोडू नका! आई, आपल्या पिकअपमधला कोयता!" आणि ते रापलेले, समुद्रात हयात गेलेले कोळी तिच्या शब्दासरशी हलत होते! कुणी विचारलं नाही की ही घाटावरची पोरगी कोण. सगळे तिला 'कॅप्टन' म्हणत होते. "कॅप्टन, घेतलं वजन!" "कॅप्टन, बोला!" मी कोपऱ्यात नारळ धरून उभा होतो आणि माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. खरं सांगतो, त्या घटकेला पांढरी बुडाली असती तरी मला काही वाटलं नसतं. (दिनूशेठना वाटलं असतं.)

सुनंदानं ऊसतोडीचा कोयता आणला. सारिकानं माझ्या खानदानी गाठी कापल्या, सुटत नव्हत्याच. लांब दोरीवर निळी हळूहळू उतरली, चिखलावर टेकली आणि थोडी कुशीवर कलून बसली. मग पांढरीचं शेपूटही तसंच खाली घेतलं. जेटीवर सगळ्यांनी श्वास सोडला.

मग दिनूशेठना कंठ फुटला. "अहो, हे काय केलंत तुम्ही! माझी बोट मोडलीत! खुंटा उपटलात! कोण भरणार हे?"

मी हातातला नारळ पाठीमागं लपवला. एक शब्दसुद्धा बोलायची सोय मी माझ्यासाठी ठेवली नव्हती. पण सारिका शांतपणे गेली, माझ्या गाठीला लोंबकळणारा खुंटा घेऊन आली आणि त्याच्याखालची फळी तिनं बोटांनी दाबली. भिजलेल्या भाकरीसारखा तिचा भुगा झाला.

"शेठ, वर नवा रंग आणि खाली सगळं कुजलेलं. दर्यात लाट लागली असती तर हा खुंटा माझ्या पाहुण्यांसकट निघाला असता. तीच दोरी, तीच गाठ, निळीला काही झालं का?"

दिनूशेठ त्या भुग्याकडे बघत राहिले. "मीसुद्धा रंगवलेलीच घेतली होती हो," ते पडक्या आवाजात म्हणाले. माझं इसाराचं पाकीट मी हळूच खिशात घातलं. रंगवलेला माल घेतलेले ते आणि घेता घेता राहिलेला मी, कुणीच एकमेकांकडे बघेना.

सारिका तोवर पँट दुमडून चिखलात उतरली होती. गुडघ्यापर्यंत रुतत ती निळीभोवती फिरली. जी फेरी मला सकाळी मारता आली नव्हती ती! सकाळी क्रेन नाही म्हणून जो तळ दिसत नव्हता, तो आता उघडा पडला होता. तिनं तो ठोकून बघितला, दोन्ही पंखे हातानं फिरवून बघितले, शंखशिंपले खरवडून खाली बघितलं. वर बघून ती हसली, तेव्हा तिच्या कपाळापर्यंत चिखल होता. "पप्पा, एक चीर नाही! पंखेही सरळ आहेत!"

"मग ठरलं!" मी म्हणालो. पारख्याला स्वतःचा शब्द फिरवायला वेळ लागत नाही. "निळीच घ्यायची. मला सकाळीच वाटलं हुतं."

"थांब." हे आबा. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी काठी आपटली. "बसल्यालं जनावर उठताना बघितल्याबिगर दावं हातात घ्यायचं न्हाई. उभं हाय तवर लंगडं कळत न्हाई. बसून उठाया लागलं की कळतं. हिला उठू दे."

दिनूशेठ म्हणाले, "आजोबा, बोट काय बैल आहे का?"

"मग माझ्या ल्योकानं बैलागत बांधली कशापायी?" आबा म्हणाले.

 सगळे जेटीवर बसून राहिलो. सुनंदानं भाकरी आणि ठेचा काढला, कोळ्यांना वाटला. तिखटानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं; खाडीत मात्र अजून येत नव्हतं. ऊन उतरलं आणि मग चिखलात एक बारीक पट्टा चमकायला लागला. पाणी आलं, कुणी गेट न उघडता! हळूहळू निळीच्या पोटाशी लागलं. ती जरा हलली. मी उठून उभा राहिलो. ही उठलीच नाही, आत पाणी शिरलं, तर पोरीची दिवाळी माझ्या एका गाठीनं गेली! सुनंदाही जागची उठली होती. तिनं सारिकाच्या पाठीवर हात ठेवला. पोरीचा हात आईच्या पदराला घट्ट धरलेला मी बघितला. हीच का मघाची कॅप्टन!

आणि निळी उठली. कुशीवरून सरळ झाली, एकदा अंग हलवलं आणि पाण्यावर मोकळी उभी राहिली. सारिका उडी मारून आत गेली, तळातलं झाकण उघडून बघितलं आणि ओरडली, "कोरडी आहे! ठणठणीत कोरडी!"

इंजिनं दुपारपासून पडून एव्हाना थंडगार झाली होती. तिनं एक चालू केलं, मग दुसरं. दोन्ही पहिल्या झटक्यात उठली, धुराची एक बारीक फुंकर आणि बस्स. बैलजोडी! आबा कोणाचा हात न धरता जेटीवरून उतरले, कनवटीची पुडी सोडली आणि भंडारा निळीच्या सुकाणूच्या चाकावर, दोन्ही इंजिनांवर आणि शेवटी सारिकाच्या कपाळावर लावला.

"आमी मेंढरं हाकली," ते म्हणाले, "तू दर्या हाक." आणि मग माझ्याकडे बघून, "भान्या, इसार पोरीच्या हातनं दे."

पाकीट मी तिच्या हातात दिलं. सुनंदानं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "सगळ्या स्थळांना आता मलाच फोन लावून न्हाई म्हणावं लागंल." नारळ फोडायचा मान मला मिळाला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यात माझा अंगठा सापडला, तिसरा सारिकानं मारला.

पांढरीचं काय, तर तिचा खुंटा बसवून द्यायला मी दिनूशेठकडे चार-पाच दिवस राहिलो. सुतारकाम मला येतं. (हेही जुन्या हत्यारांनी.) गावात परत आल्यावर मात्र मी ही हकीकत जराशी नीटनेटकी करून सांगितली. मी म्हणजे मुद्दामच बोटी आखूड बांधल्या, ओहोटी लागायची वाट बघितली आणि कुजकी कोणती ते शिताफीनं ओळखलं! टपरीवरची माणसं थक्क झाली. "भानुदासशेठ, तुमीच करू जाणं!" असं सगळे म्हणाले. मी नम्रपणे चहा घेतला.

दिवाळीत निळी जेटीवर उभी होती. सारिकानं तिला नवा निळा रंग दिला होता, तोही तळ आधी नीट घासून. पहिल्या फेरीला पाहुण्यांची गर्दी, पोरगी चाकावर, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि जेटीभर कोळ्यांच्या बोटी लागलेल्या. मी नवा पांढरा शर्ट, टोपी घालून ऐटीत जेटीवरून चालत गेलो. एक जण म्हणाला, "पाहुणे, कुणाकडचे तुम्ही?" मी छाती पुढं काढली, सगळ्या खाडीला ऐकू जाईल असा आवाज लावला आणि म्हणालो, "मी कॅप्टनचा बाप!"

जेटीभर माना वळल्या. मग सगळ्या कोळ्यांनी आदरानं मला रामराम केला, आणि एकेकानं गुपचूप आपापल्या बोटीची दोरी उचलून माझ्यापासून लांब ठेवली.